आधी नमुना, मग स्वेटर



भोर-वेल्ह्याच्या डोंगरात थंडी पडली, की घोंगडी बाहेर निघते.
घोंगडीला माग लागतो.
स्वेटरला मात्र दोन सरळ सुया पुरतात.

पहिला स्वेटर साधाच करू या.
एक पाठ... एक पुढा... दोन बाह्या.
चारही तुकडे चौकोनी.

लोकर मध्यम जाडीची, फिकट रंगाची घ्या.
काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत.
त्यात संध्याकाळी वीज गेली, तर विचारूच नका!

सुया 8 नंबरच्या.
गंमत अशी, की आपल्याकडं नंबर वाढला की सुई बारीक होते.

आता मुख्य गोष्ट.
आधी नमुना विणा.
30 टाके घाला. तळहाताहून मोठा चौकोन विणा.
10 सेंटीमीटरमध्ये किती टाके बसले, ते मोजा. त्यावरूनच स्वेटरला किती टाके घालायचे, ते ठरतं.
कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल.
म्हणून शेजारणीचं माप आपल्याला चालत नाही.

आता स्वेटर. प्रत्येक ओळ सुलटच विणा.
म्हणजे कडा वळत नाहीत.
मोजताना टाका कमी भरला, तर खाली बघा.
निसटलेल्या टाक्याची शिडी झालेली दिसेल.
क्रोशाच्या सुईनं तो पायरी-पायरीनं वर घ्या.

पुन्हा सांगते... आधी नमुना.

शेवटी गळ्यापुरती फट सोडून खांदे जोडा.
मग बाह्या लावा.
बगला सगळ्यात शेवटी शिवा.