मुक्कामापुरते गाव

(डोंबिवलीतील एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित अंश)



'महानगराच्या समस्या उपनगरांत पसरतात काय?' असा आजचा विषय आहे. या सभागृहातील बहुतेकांनी, निदान त्यांच्या आईवडिलांनी, कधीतरी मुंबई सोडलेली आहे. आमचेही तसेच. गिरगावातील चाळीतली खोली पुरेनाशी झाली, तेव्हा वडिलांनी डोंबिवलीत दोन खोल्या घेतल्या. आईला आनंद एवढाच, की दारात तुळस लावता येईल. तुळस लागली, नळाला पाणी मात्र एक दिवसाआड येई. म्हणजे समस्या आमच्या पाठोपाठ आली नाही, ती आमच्या आधीच येथे येऊन बसली होती.

'पसरणे' हा शब्दच मला पटत नाही. साथ पसरते, वणवा पसरतो. त्यात कोणाचा निर्णय नसतो. येथे निर्णय होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि गिरणगाव पुन्हा कधी पूर्वीसारखे उभे राहिले नाही. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे आले. ज्यांच्या घामावर ती वस्ती उभी होती, त्यांच्यापैकी अनेकांना त्या मनोऱ्यांत जागा नव्हती. जनगणनेचे आकडेच बोलके आहेत. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच काळात तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. माणसे बाहेर आली. मंत्रालय, न्यायालय, मोठ्या कचेऱ्या आत राहिल्या. फार तर वांद्रे-अंधेरीपर्यंत सरकल्या. मुंबईवरचा भार हलका व्हावा म्हणून १९७० साली सिडको स्थापन झाली. नवी मुंबई वसली, मंत्रालय काही खाडी ओलांडून गेले नाही. महानगराने आपली गर्दी वाटून दिली, रोजगार नव्हे. रोज सकाळी फलाटावर आपण जे सोसतो, ते या वाटणीचे फळ आहे.

परंतु सगळा दोष मुंबईच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ साली झाली. सभोवतालची २७ गावे तेव्हा तीत घेतली, २००२ मध्ये वगळली, २०१५ मध्ये पुन्हा घेतली आणि २०२० मध्ये त्यांतील १८ पुन्हा वगळण्याचा निर्णय झाला. एखाद्या गावाला आपण कोणाचे हेच कळत नसेल, तर तेथील इमारतीला परवानगी कोणाची हे कोण विचारणार? नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बनावट कागदपत्रांच्या आधारे उभ्या राहिलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्यांत घर घेणारे लोक कोण होते? तुमच्या-आमच्यासारखेच, कर्ज काढलेले, हप्ते भरणारे. हे काही मुंबईने येथे पाठविले नव्हते. हे आपल्या डोळ्यांदेखत मजल्यावर मजला चढत गेले, आणि आपण तेव्हा लोकलमध्ये होतो.

हे टोचून बोलणे वाटेल. पण मीही त्याच गाडीत होतो. तीस वर्षे मुंबईच्या बातम्या लिहिल्या. आपल्या प्रभागाचा विकास आराखडा मी पहिल्यांदा पाहिला तो पन्नाशी उलटल्यावर. आपण पहाटे निघतो, रात्री परततो. गाव आपल्याला मुक्कामापुरतेच ठाऊक असते. याच डोंबिवलीने १९९९ साली गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू केली आणि गावोगावी तिचे अनुकरण झाले. ज्या कार्यकर्त्यांनी घरोघर फिरून हजारो माणसे रस्त्यावर आणली, त्यांना पन्नास माणसे आराखड्यावरील हरकतींच्या सुनावणीला नेता येणार नाहीत, हे मला खरे वाटत नाही. त्या सुनावणीला ढोल-ताशे नसतात, एवढीच अडचण.

माझा मुलगा सध्या बदलापूरच्या पुढे घर पाहतो आहे. डोंबिवली त्याला परवडत नाही. गेल्या रविवारी मीही त्याच्याबरोबर गेलो होतो. नमुन्याची सदनिका सुरेख होती, खिडकीतून डोंगर दिसत होता. मी दलालाला विचारले, "पाणी किती वेळ येते?"

तो म्हणाला, "काका, टँकर आहे ना!"

मुलगा खाली आगाऊ रकमेचे बोलणी करीत होता. मी त्याला हाक मारून वर बोलावले.