भांडं दाखवायचं, तर त्यात रांधायचं काय?



गणपती गेले. आता घटस्थापना, आणि तिच्या मागोमाग दसरा-दिवाळी. आपल्या बचत गटांतल्या ज्या बायका भांड्यांचा धंदा करतात, त्यांचे हे कमाईचे दिवस. घाऊक पेठेतून कढया, कुकर, तवे आणायचे, कुणाच्या तरी ओसरीवर दहा-पंधरा जणींना बोलवायचं, समोर काहीतरी रांधून दाखवायचं आणि मागणी लिहून घ्यायची. गावात याला ‘डेमो’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. सध्या गटाच्या बैठकीला गेलो की आम्हाला हमखास विचारतात, डेमोला पदार्थ कोणता करू?

प्रश्न छोटा वाटतो, पण त्यात पैसा अडकलेला आहे. माल गटातून घेतलेल्या कर्जावर भरलेला असतो. घेणारी तीन-चार हप्त्यांत पैसे देते. घरी नेलेली कढई माळ्यावर जाऊन बसली, की दुसऱ्या हप्त्याला तिचा हात आखडतो, आणि एकाच गल्लीतल्या दोघी एकमेकींना तोंड चुकवायला लागतात. म्हणून आमचं म्हणणं असं, की भांड्याचं खरं काय ते घेणारीला डोळ्यांनी दिसेल, असा पदार्थ निवडा.

बाहेरून येणारे विक्रेते काय करतात, तुम्ही पाहिलं असेल. नॉनस्टिक तव्यावर अंडं फोडतात, तवा तिरका करतात, अंडं सरकन घसरतं आणि सगळ्या ‘अगंबाई’ म्हणतात. पण आपल्या घरात रोज तव्यावर पडते ती भाकरी. तिला रिकामा तवा चांगला तापलेला लागतो, वरून पाण्याचा हात लागतो, उलटायला लोखंडी उलथनं लागतं. नॉनस्टिकचा लेप या तिन्हींनी लवकर जातो. तो तवा विकायचा असेल तर जरूर विका, पण धिरडी, घावन, थालीपीठ करून दाखवा, आणि भाकरी यावर करू नका हे आपण होऊन सांगा. भाकरीला बिडाचा किंवा लोखंडीच तवा चांगला.

आता नवरात्राचं बघू. या नऊ दिवसांत निम्म्या बायकांना उपास. तुम्ही पुरी-भाजी केलीत तर त्या नुसत्या बघत बसणार. चाखलं नाही तर पटणार कसं? तेव्हा साबुदाण्याची खिचडी करा, नाहीतर वरीचा भात आणि दाण्याची आमटी. साबुदाणा चिकटण्यात पटाईत. कढईचं बूड पातळ असलं की तो खाली धरणार आणि सगळ्यांना दिसणार. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर झाकण ठेवून वाफ आणली की मोकळी खिचडी उतरते. शक्य असेल तर घरच्या बाईची रोजची कढई शेजारच्या शेगडीवर ठेवा आणि तेवढीच खिचडी तीतही करा. तिची जुनी कढई बरोबरीची निघाली तर तिला नवी घेऊ नको म्हणा. ओसरीवर बसलेल्या बाकीच्या जणी ते ऐकत असतात, आणि तुमच्या पुढच्या शब्दावर विश्वास ठेवतात.

कुकर दाखवायचा असेल तर दसऱ्याच्या आधी पुरणच घ्या. हरभऱ्याची डाळ अर्धा किलो, दोन तास आधी भिजवून न्या. पाच लिटरच्या कुकरात पाण्यासकट ती निम्म्याच्या खाली राहते, आणि राहायलाच हवी, कारण डाळीला फेस येतो आणि फेसाने वाफेचं भोक तुंबतं. चमचाभर तेल आणि हळद घातली की फेस बसतो. चार-पाच शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद करा, आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं कुकरला हात लावू नका. हाच वेळ खरा कामाचा. वाफ आपोआप जिरू द्यायची, शिट्टी उचलून काढायची नाही, रबर सैल झालं की बदलायचं, सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे असतो, हे सगळं याच वेळात बोलून होतं. घरगुती कुकरवर २०२१ पासून आयएसआयची खूण सक्तीची आहे. तिच्या वर आयएस २३४७ हा आकडा असतो, तो प्रत्येकीला हातात घेऊन वाचू द्या. बिनखुणेचा कुकर शे-दोनशे रुपयांनी स्वस्त मिळाला तरी गटाने भरू नये, यावर आम्ही ठाम आहोत. पुढे डाळ उपसून अर्धा किलो गूळ घालून पुरण शिजवा, आणि निथळलेल्या पाण्याची कटाची आमटी फोडणीला टाका. चार पोळ्या लाटून बिडाच्या तव्यावर भाजल्या की एका बैठकीत दोन भांडी दाखवून होतात.

दिवाळीचं म्हणाल, तर पुष्कळजणींचा ओढा अनारसे-चकलीकडे. आम्ही नको म्हणतो. अनाऱ्याचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, आणि एवढं करून ऐनवेळी अनारसा तुपात हसला की त्यात कढईचा काही दोष नसतो, तरी नाव कढईचंच जातं. चकलीला तेल फार, आणि ते घरमालकिणीने द्यायचं की आपण, यावरून कुरबुर. त्यापेक्षा पातळ पोह्यांचा चिवडा करा. पाव किलो पोह्यांनी मोठी कढई भरते, तेल फोडणीपुरतं. आच सगळीकडे सारखी लागत नसेल तर मधले पोहे करपतात, कडेचे मऊ राहतात, तेव्हा कढईची परीक्षा आपोआप होते. पोहे आक्रसू नयेत म्हणून आधी ऊन दाखवा आणि बारीक आचेवर परता. अर्ध्या तासात काम होतं, आणि जाताना प्रत्येकीला कागदात मूठभर बांधून देता येतो.

गाव बदललं की पदार्थ बदला. कोकणात मोदकपात्र उकडीच्या मोदकांवर चालतं. देशावर बऱ्याच घरी मोदक तळणीचे, तिथे ते पात्र नुसतं शोभेचं. पण नागपंचमीला आपल्याकडे तवा ठेवत नाहीत, चिरत-कापत नाहीत, तेव्हा पुरणाची दिंडं उकडतात. श्रावणात पात्र दाखवायचं तर दिंडं करून. आणि ज्या घरात मोठा कुकर आहे, तिथे शिट्टी काढून त्यातच दिंडं उकडतात, हेही सांगून टाका.

संक्रांतीचं एक आत्ताच बोलून ठेवतो. हळदीकुंकवाला बायका आयत्या जमतात, वाणाला वाट्या-डबे लागतात, म्हणून डेमो त्यातच उरकावा असं काहीजणी म्हणतात. पण हळदीकुंकवाला आपल्या कितीतरी विधवा बहिणींना आजही बोलावणं जात नाही. त्या गटाच्या सभासद आहेत, घर त्याच चालवतात, भांडंही त्याच घेणार. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या गावाचा ठराव होईल तेव्हा होईल, डेमोचं आमंत्रण मात्र आजपासून सगळ्यांना सारखं द्या. भोगीची मिसळ भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी करा, दिवस निराळा धरा.

आणि पिशवीत एक लोहचुंबक टाका. हल्ली काही घरांत इंडक्शनची शेगडी आलेली आहे. तिला सपाट बुडाचं आणि चुंबक धरणारंच भांडं चालतं. बाईने कढई उचलली की पैसे घेण्याआधी बुडाला चुंबक लावून दाखवा. नाही धरला तर ही कढई गॅसवर किंवा चुलीवरच चालेल, असं पावतीवर लिहून द्या.