कौटुंबिक न्यासाचे अनुदान

आईच्या किंवा वडिलांच्या नावाने काढलेला, पाच-सात विश्वस्तांचा, मुदत ठेवींच्या व्याजावर आणि शेअरच्या लाभांशावर चालणारा कौटुंबिक न्यास महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या शहरांत आढळतो. त्याची स्वतःची शाळा नसते, दवाखानाही नसतो. काम स्थानिक संस्था करतात आणि न्यास त्यांना पैसे पुरवतो. घराण्याच्या संपत्तीतून उभ्या राहिलेल्या न्यासांत सर्वांत मोठे नाव टाटांचे. सर रतन टाटा यांनी १९०९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या गांधीजींच्या सत्याग्रहाला २५ हजार रुपये पाठवले, गोखल्यांच्या भारत सेवक समाजालाही मदत केली. पण ती एका माणसाची दानत होती. १९१८ मध्ये त्यांचे निधन झाले, १९१९ मध्ये त्यांच्या नावाचा न्यास स्थापन झाला आणि देणाऱ्याच्या जागी विश्वस्त मंडळ आले. आज टाटा न्यासांकडे टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भाग आहेत. सांगली-साताऱ्याकडच्या छोट्या न्यासाशी आकड्यांत तुलना होणार नाही, कायद्याची चौकट मात्र बरीचशी तीच.

अनुदानाचा पहिला निर्णय अर्ज येण्याच्या कितीतरी आधी, न्यासपत्रात झालेला असतो. त्यात ‘कोल्हापूर जिल्ह्यातील मुलींचे शिक्षण’ असे लिहिले असेल, तर शेजारच्या जिल्ह्यातली संस्था कितीही नावाजलेली असली तरी विश्वस्तांचे हात बांधलेले असतात. म्हणून जाणती संस्था अर्ज लिहिण्याआधी न्यासाचे उद्देश विचारून घेते. दुसरे बंधन प्राप्तिकराचे. करमाफी टिकवायची तर न्यासाला वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के धर्मादाय कामावर खर्च करावे लागतात. तेवढे खर्च झाले नाहीत, तर उरलेली रक्कम कारण नोंदवून पाच वर्षांपर्यंत राखून ठेवता येते. २०२३ च्या वित्त कायद्याने यात एक मेख मारली. न्यासाने दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला १०० रुपये दिले, तर त्यातले ८५ रुपयेच खर्च म्हणून धरले जातात. साहजिकच जो न्यास स्वतः काम न करता केवळ अनुदाने देतो, त्याला वर्षाचे जवळजवळ सगळे उत्पन्न वाटून टाकावे लागते. मार्च जवळ आला की अशा न्यासांची लगबग वाढते ती यामुळेही.

अर्जासोबत नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, करमाफीची आणि ८०जीची कागदपत्रे, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, असा संच मागितला जातो. यात सर्वांत जास्त अडते ते धर्मादाय आयुक्तांकडच्या परिशिष्ट १ वर. हे परिशिष्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालचे. त्याखाली नोंदलेल्या प्रत्येक संस्थेच्या विश्वस्तांची नावे या परिशिष्टात असतात. एखादा विश्वस्त वारला किंवा नवा निवडला गेला, की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहून जातो, किंवा दिलेला अर्ज कुणाच्या हरकतीमुळे लोंबकळतो. मग संस्थेचे पत्र नव्या अध्यक्षांच्या सहीने येते आणि परिशिष्टात नाव दिसते ते दिवंगत अध्यक्षांचे. काम चोख, हिशेब स्वच्छ, आणि तरीही प्रस्ताव बाजूला पडतो. विश्वस्तांना कोरडे म्हणून चालत नाही. दिलेल्या पैशाला तेच जबाबदार असतात.

कागद जुळले की भेट. न्यासाचा एखादा विश्वस्त किंवा नेमलेला कार्यकर्ता संस्थेत जातो. बालवाडी असेल तर हजेरीपट पाहतो आणि समोर बसलेली मुले मोजतो, खाऊच्या डब्यांचे झाकण उघडतो, शिक्षिकेला मानधन कोणत्या तारखेला हातात पडते हे कार्यालयाबाहेर, एकटीला विचारतो. अहवालातल्या रंगीत छायाचित्रांपेक्षा या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून संस्था जास्त कळते.

त्यानंतर विश्वस्तांची बैठक. अर्जदार संस्थेशी कुणा विश्वस्ताचे नाते असेल तर त्याने ते सांगून चर्चेतून बाजूला व्हावे, अशी चांगल्या न्यासांची रीत असते. विश्वस्तांना वा त्यांच्या नातलगांना न्यासाच्या पैशातून लाभ पोचवला तर करमाफीवरच गदा येते. खरा वाद होतो तो अंदाजपत्रकावर. संगणक, पाण्याची टाकी, खोलीचे बांधकाम यांना चटकन होकार मिळतो. त्यांवर नावाची पाटी लावता येते, हे त्यामागचे न बोललेले कारण. मानधन, भाडे, वीजबिल आणि हिशेबनिसाचा पगार या ओळींवर मात्र काट मारली जाते. ही कंजुषी महागात पडते. शिकवणारी बाई सोडून गेली की दिलेले संगणक झाकूनच राहतात. काही न्यास म्हणूनच आता एका वर्षाच्या वस्तूंऐवजी तीन वर्षांच्या चालू खर्चाला अनुदान देतात, आणि ते अधिक शहाणपणाचे आहे.

वाटायचा पैसा परदेशातून आला असेल, तर आणखी एक नियम डोके वर काढतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाने घरच्या न्यासाला पैसे पाठवले, तर त्याचे नागरिकत्व पाहिले जाते. तो भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकन नागरिक झाला असेल, तर ठरते. परदेशी देणगी घ्यायला न्यासाला केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर घेतलेली रक्कम दुसऱ्या संस्थेला पुढे देताही येत नाही. ती स्वतःच्याच कामावर खर्चावी लागते. वाटप करणाऱ्या न्यासाला असा पैसा निरुपयोगीच.

ठराव मंजूर झाला की मंजुरीपत्र जाते: रक्कम, काम, मुदत, हप्ते. पैसे शक्यतो एकरकमी दिले जात नाहीत. पहिला हप्ता आगाऊ मिळतो. दुसरा पहिल्याचा हिशेब, पावत्या आणि छोटा अहवाल आल्यावर. वर्षअखेर सनदी लेखापालाच्या सहीचे विनियोग प्रमाणपत्र द्यायचे असते. मंजूर एका शीर्षाखाली आणि खर्च दुसऱ्याखाली, ही नेहमीची चूक. आधी पत्र लिहून परवानगी घेतली तर बहुतेक न्यास ती नाकारत नाहीत. उरलेली रक्कम परत करायची की पुढच्या वर्षी वापरायची, आणि अनुदानातून घेतलेली वस्तू संस्था बंद पडल्यास कुणाकडे जाणार, हेही मंजुरीपत्रातच लिहिलेले असावे लागते.