घर कशाने उभे राहते?

(बेंबळीच्या प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



दिवसभर तुम्ही शेतात राबलात. तरी रात्री वर्गाला आलात. म्हणून आम्ही लांबण लावणार नाही. एकच गोष्ट सांगणार आहोत. ती घराची आहे.

'घर पहावे बांधून, लग्न पहावे करून' अशी आपली म्हण आहे. दोन्हींत पैसा किती जातो ते करणाऱ्यालाच कळते. पण पैसा गेला म्हणजे घर पक्के झाले असे नाही. घर कशाने उभे राहते, हे समजून घ्यायला हवे.

ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे, त्यांना ती रात्र आठवत असेल. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. पहाटेचे चार वाजायला काही मिनिटे कमी होती. जमीन हलली. आपल्या पूर्वेला, लातूर जिल्ह्यातले किल्लारी गाव झोपेतच जमीनदोस्त झाले. आपल्या जिल्ह्यातल्या सास्तूरचीही तीच गत झाली. तेव्हा जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सात हजारांवर माणसे गेली.

त्याआधी हा सारा भाग नकाशात भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेला म्हणून दाखवलेला होता. पुढे २००२ साली नकाशा बदलला. किल्लारीचा भाग जास्त धोक्याच्या पट्ट्यात घातला. म्हणजे 'आपल्याकडे भूकंप होत नाही' हे बोलणे आता खोटे ठरले आहे.

आता आम्ही तुम्हांला विचारतो. त्या रात्री माणसे कशाने मेली? भूकंपाने? नाही. जमीन कुणाच्या अंगावर पडत नाही. घर पडते. माणसे भिंतींखाली सापडली. माळवदाच्या मातीखाली गुदमरली.

ही गोष्ट सांगितली की कुणी तरी म्हातारे बाबा हमखास म्हणतात, "आमच्या आज्याने बांधलेली भिंत दोन हात रुंद आहे. ती कशी पडेल?"

बाबा, तुमचे म्हणणे आम्हांला कळते. रुंद भिंत बघून धीर येतो. पण ती भिंत आतून कशी आहे ते बघा. बाहेरून एक दगडी पदर. आतून दुसरा दगडी पदर. मधे चिपा, लहान दगड आणि माती. दिसायला भिंत एक, पण खरे तर त्या दोन भिंती शेजारी शेजारी उभ्या आहेत. एकीने दुसरीचा हात धरलेला नाही. जमीन हलली की दोन्ही पदर सुटतात. भिंतीला पोट येते आणि दगड ढासळतात.

कडब्याची गंज आपण कशी रचतो? पेंढ्या एकीवर एक दाबून, एकमेकींत गुंतवून रचतो. म्हणून ती वाऱ्यात उभी राहते. नुसत्या पेंढ्या टेकवून ठेवल्या तर पहिल्याच वावटळीत पसरतील. भिंतीचेही तसेच आहे.

भिंतीत अधूनमधून एक लांब दगड आरपार घालावा लागतो. त्याचे एक टोक आतल्या पदरात आणि दुसरे बाहेरच्या पदरात. दर दोन फूट उंचीला असे दगड हवेत. दोन दगडांमधले अंतर चार फुटांहून जास्त नको. तेवढा लांब दगड मिळाला नाही, तर तेवढ्या लांबीचा काँक्रीटचा ठोकळा पाडून घालता येतो. कोपऱ्यावरही दगड एकमेकांत गुंतवायचे. दगडी भिंत दीड फूट पुरे. रुंद भिंतीपेक्षा बांधलेली भिंत बरी.

आता वर बघा. डोक्यावर काय आहे?

माळवद दरसाल पावसाळ्याआधी नीट करावे लागते. गळते म्हणून वर नवी माती टाकतो. जुनी काढत नाही. आजा टाकतो, बाप टाकतो, आपणही टाकतो. वर्षे जातात आणि थर चढत जातो. आपण आता हिशेब शिकलो आहोत, तो इथे करू. खोली दहा फूट लांब, बारा फूट रुंद. दहा बारे एकशेवीस चौरस फूट. मातीचा थर एक फुटाचा धरा. एक घनफूट माती कमीत कमी ४५ किलो भरते. १२० गुणिले ४५ म्हणजे ५,४०० किलो. ५४ क्विंटल. क्विंटलाच्या पोत्याने मोजले तर जोंधळ्याची ५४ पोती. ती डोक्यावर ठेवून आपण पोराबाळांसह झोपतो. थर दोन फुटांचा असेल तर पोती १०८.

हे वजन नुसते खाली दाबत नाही. जमीन हलली की ते आडवे झोके घेते आणि भिंतींना ढकलते.

एक मावशी म्हणाल्या, "मग माती काढून स्लॅबच टाकावा."

मावशी, इथेच पुष्कळांची चूक होते. पाच इंची स्लॅबही त्याच खोलीवर जवळजवळ ३५ पोती भरतो. तो जुन्या दगडमातीच्या भिंतीवर टाकला तर धोका संपत नाही. भिंत सुटली की स्लॅबही खाली येतो.

स्लॅबही नीट केला तरच तो स्लॅब. आमचीच चूक सांगतो. आमच्या वर्गाची खोली बांधली तेव्हा आम्ही काँक्रीट पातळ करू दिले. पातळ काँक्रीट लवकर पसरते, काम झटपट होते. वर दोनच दिवस पाणी मारले. दिवस उन्हाळ्याचे होते. महिन्याभरात स्लॅबला चिरा पडल्या. पावसाळ्यात त्यांतून पाणी झिरपले आणि आतली सळई गंजू लागली. आम्ही बघत उभे होतो, पण काय बघायचे ते आम्हांला ठाऊक नव्हते.

भाकरीचे पीठ मळताना पाणी जास्त झाले तर भाकरी थापता येत नाही, हे मावशींना सांगायला नको. काँक्रीटमधले जादा पाणी पुढे उडून जाते आणि मागे बारीक भोके राहतात. त्याने काँक्रीट कच्चे होते. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला ३० लिटर पाणी पुरे. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. ओतल्यावर मात्र पाण्याची कंजुषी नको. कमीत कमी सात दिवस काँक्रीट ओले राहिले पाहिजे. उन्हाळ्यात दहा-बारा दिवस ठेवा. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवा. सिमेंट वाळत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होते.

पायाचेही दोन शब्द. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया ठेवला तर भिंतही तिच्याबरोबर वर-खाली होते आणि तडकते. काळी माती काढून खाली कठीण मुरूम लागेपर्यंत खणा. पाया तिथे बसवा.

आणि एक. जुन्या बैलगाडीचे चाक आठवा. लाकडाचे तुकडे जोडून केलेले. ते दगडधोंड्यांतून जाते, पण निखळत नाही. का? भोवती लोखंडी धाव असते म्हणून. घरालाही अशी धाव लागते. दारे-खिडक्यांच्या वर, सगळ्या भिंतींवरून, सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा फिरवायचा. तो कुठेही तुटता कामा नये. त्याने चारी भिंती एकमेकींना धरून राहतात. किल्लारीकडे अशीही घरे दिसली, की भिंती ढासळल्या पण लाकडी खांबांवरचे छत उभे राहिले. खांब आणि तुळया एकमेकांत जोडलेल्या होत्या म्हणून.

"ते सगळं खरं," तुमच्यातले कुणी म्हणेल, "पण नवं घर बांधायला पैसा कुठाय? आम्ही राहणार जुन्याच घरात."

त्यांच्यासाठीच हे भाषण आहे. जुने घर पाडायलाच हवे असे नाही. माळवदावरची जास्तीची माती उतरवा. त्याला खर्च मजुरीचाच. पाणी गळू नये म्हणून खाली प्लास्टिकचा जाड कागद घाला आणि वर मातीचा पातळ थर ठेवा. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके लाकूड ठोका. भूकंपानंतर आपल्या भागात जुन्या भिंती सांधायची एक रीत लोकांना दाखवली गेली. भिंतीत जपून आरपार भोक पाडायचे. दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई त्यात ठेवायची. भोक काँक्रीटने भरायचे. सुटलेले दोन पदर असे पुन्हा एकत्र येतात. पण हे काम जाणत्या गवंड्याकडून आणि इंजिनियरला विचारून करा. सगळी भोके एकदम पाडू नका.

आता चार गोष्टी वहीत उतरवून घ्या.

१. डोक्यावर वजन कमी.
२. भिंतीत आरपार दगड, भोवती पट्टा.
३. पाया मुरमावर.
४. काँक्रीटमध्ये पाणी मोजून, वर पाणी भरपूर.

गवंडी कामावर आला की ही वही त्याच्यापुढे धरा. त्याला विचारा, "दादा, आरपार दगड कुठे घातलास?" विचारण्यात त्याचा अपमान नाही. चांगला गवंडी खूश होऊन दाखवील.

घर नुसत्या दगडाने उभे राहत नाही, नुसत्या सिमेंटनेही नाही. जोडाने उभे राहते. उद्या सकाळी घरी एवढे करा. शिडी लावून माळवदावर चढा. एका कडेला सळई खुपसून मातीचा थर किती आहे ते मोजा. आकडा वहीत लिहा. पुढच्या वर्गाला तो घेऊन या. आपण प्रत्येकाच्या घरावरची पोती मोजू.

रामराम.