कण्याच्या तळाची पाण्याची गाठ : निदानाविषयी दोन शब्द



खानदेशातून तापी खोऱ्याच्या लोहमार्गाने सुरतेस गेलेली असंख्य मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थायिक झाली आहेत. पुरुष यंत्रमागावर उभे असतात. अनेक स्त्रिया घरी मांडी घालून साड्यांवर टिकल्या व काठपट्ट्या लावतात. कंबरदुखी तेथे इतकी सार्वत्रिक की तिला कोणी आजार म्हणत नाही. परंतु एखादीला बसले की माकडहाडाच्या वर व मांडीच्या मागील बाजूस जळजळ होते, आडवे झाल्यावर उतार पडतो, क्ष-किरण चित्र निर्दोष येते आणि घरची मंडळी कामाचा कंटाळा म्हणून तिला बोल लावतात. अशा वेळी एका दुर्लक्षित कारणाचा विचार व्हावयास हवा.

कण्याच्या तळाशी त्रिकास्थी नावाचे हाड आहे. त्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या मुळांवरील आवरणात मज्जारज्जूभोवतीचे पाणी साचून कधी कधी गाठ तयार होते. डॉ. टार्लोव्ह यांनी १९३८ मध्ये तिचे वर्णन केले. तिला त्यांचेच नाव मिळाले. ती कर्करोगाची गाठ नव्हे. स्त्रियांमध्ये ती अधिक आढळते.

एमआरआय तपासणीत ती स्पष्ट दिसते. मात्र कमरेच्या नेहमीच्या चित्रणात त्रिकास्थीचा खालचा भाग पुष्कळदा सुटतो. तोही घ्यावा, असे डॉक्टरांना विचारणे गैर नाही.

गाठ दिसली म्हणजे निदान झाले, असेही नव्हे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाठदुखीच्या ५०० रुग्णांपैकी २३ जणांत अशा गाठी आढळल्या. त्यांपैकी केवळ पाचांचीच दुखणी त्या गाठींमुळे होती. म्हणून चकती सरकणे, खुब्याचे व गर्भाशयाचे विकार आधी वगळावे लागतात. टाचणीने त्वचेची संवेदना, पायाची शक्ती, घोट्याचा झटका तपासून गाठीची जागा आणि दुखण्याची जागा जुळते की नाही, हे पाहिले जाते. ती जुळत नसेल तर शस्त्रक्रियेची घाई करू नये.

लघवी अडणे, तिच्यावर ताबा न राहणे, जांघा व गुदद्वाराभोवती बधिरता येणे किंवा पाऊल लुळे पडणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. सुरतेस मजुरा दरवाजाजवळ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे न्यू सिव्हिल रुग्णालय आहे.

रुग्ण गावी परतताना चित्रणाच्या फिल्मा बहुधा सुरतेच्या खोलीतच पत्र्याच्या पेटीत राहतात आणि गावाकडे तपासणीचा खर्च पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्या फिल्मा व अहवाल सोबत आणावेत.