"उद्यापासून येऊ नको"



नागोठणं सोडलं की निडी आणि मग रोहा. पहिल्या पाळीला धाटावच्या औद्योगिक वसाहतीत जाणारी माणसं आमच्या निडी स्टेशनवर गाडीत चढतात. मी बरीच वर्षं त्यांच्यातलाच एक होतो. नोकरीच्या शेवटच्या काळात सहकाऱ्यांच्या खातेचौकशीला त्यांचा प्रतिनिधी म्हणून बसायचो. तोंडातून गेलेल्या शब्दापायी माणसाची नोकरी कशी जाते, ते तिथे जवळून पाहिलं. आज त्याविषयी बोलायचं आहे.

आमच्या एका ऑपरेटरला आरोपपत्र आलं. त्यात एकच वाक्य होतं, "वरिष्ठांशी उद्धट व अर्वाच्य भाषेत बोलला." नेमकं काय बोलला, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. झालं होतं असं, की पंपातून गळती सुरू होती, दोनदा सांगूनही कुणी बघायला आलं नव्हतं, आणि हा वैतागून म्हणाला होता, "सायेब, तू सोता यऊन बघ." आगरी बोलीत बापालाही तू म्हणतात. अधिकारी बाहेरगावचा, नवा. त्याला तो 'तू' झोंबला. मग दोघांचेही आवाज चढले. अधिकारी काय बोलला, ते आरोपपत्रात अर्थातच आलं नाही.

उद्धट वाटणारं सगळंच बोलणं सारखं नसतं, हे न्यायालयांनीही ओळखलेलं आहे. दिल्लीच्या एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वरिष्ठाला उद्देशून वापरलेली भाषा त्या माणसाची परिस्थिती आणि तो प्रसंग लक्षात घेऊनच तोलली पाहिजे, सगळ्यांना एकच माप लावता येणार नाही. पण याचा अर्थ काहीही बोललं तरी चालतं, असा कुणी घेऊ नये. २००५ साली महिंद्र अँड महिंद्रच्या एका कामगाराचं प्रकरण त्याच न्यायालयापुढे आलं. पर्यवेक्षकाला घाणेरड्या शिव्या दिल्याचा आरोप सिद्ध झाला होता. कामगार न्यायालयाने त्याला परत कामावर घ्यायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि बडतर्फी कायम ठेवली. म्हणजे सगळं येऊन ठेपतं ते नेमक्या शब्दांवर आणि त्यांच्या मागेपुढे काय घडलं त्यावर.

म्हणून आम्ही त्या ऑपरेटरच्या चौकशीत एकच धरून बसलो, की शब्द सांगा. उलटतपासणीत अधिकाऱ्याला ते वाक्य स्वतःच्या तोंडाने उच्चारावं लागलं, गळतीची तक्रारही कबूल करावी लागली. ऑपरेटर लेखी ताकिदीवर सुटला. चौकशी लांबली होती, पण निलंबनात पहिले ९० दिवस निम्मा पगार मिळतो आणि पुढे विलंब कामगारामुळे नसेल तर पाऊण पगार, म्हणून त्याची चूल पेटत राहिली. चौकशीच्या रोजच्या कामकाजाची प्रत मागून घ्या, वाचल्याशिवाय सही करू नका, हे मी प्रत्येकाला सांगत आलो.

तुम्ही म्हणाल, हल्ली प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, रेकॉर्ड करावं की! आमच्याकडे ते जमत नाही. रसायनांच्या कारखान्यात, जिथे ज्वालाग्राही वाफ असते तिथे, साधा फोन नेणं धोक्याचं आहे. तो गेटवर जमा होतो, आणि व्हायलाच हवा. लपवून आत नेला तर पुरावा राहील बाजूला, फोन नेला म्हणून दुसरं आरोपपत्र मिळेल.

पण ज्याला आरोपपत्रही मिळत नाही, अशा माणसाची गोष्ट वेगळी आहे. ठेकेदाराकडच्या कामगाराला कुणी नोटीस देत नाही. संध्याकाळी घरी मुकादमाचा फोन येतो, "उद्यापासून येऊ नको." गेटपास बंद. पुढे तक्रार केली की उत्तर ठरलेलं असतं, आम्ही काढलं नाही, तोच यायचा थांबला. अशा वेळी तो फोन हाच एकमेव पुरावा असतो.

आपण स्वतः ज्या संभाषणात आहोत ते नोंदवून ठेवणं गुन्हा आहे, अशी भीती अनेकांच्या मनात असते. पण तसं नाही. मुंबईचे तेव्हाचे कॉरोनर मलकानी यांच्यावरच्या लाच प्रकरणात १९६४ साली टेलिफोनवरचं संभाषण दुसऱ्या बाजूच्या डॉक्टरांच्या संमतीने टेपवर घेतलं गेलं होतं. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. दुसऱ्या दोघांचं बोलणं चोरून टिपणं मात्र निराळं, त्या वाटेला जाऊ नये. आणि २०१७ साली टेक महिंद्रच्या एका कर्मचाऱ्याला मनुष्यबळ विभागाने सकाळी दहापर्यंत राजीनामा दे म्हणून सांगितलं, ते ध्वनिमुद्रण देशभर ऐकलं गेलं. कंपनीच्या प्रमुखांनी आणि आनंद महिंद्र यांनी जाहीर माफी मागितली. ते बोलणं टिपलेलं नसतं, तर त्या कर्मचाऱ्यावर कुणी विश्वास ठेवला असता?

नोंद जपायची कशी, ते जालन्याच्या खटल्यातून शिकावं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकरांचा अर्ज वेळेत आला की नाही, याचा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या चित्रीकरणावर येऊन ठेपला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नक्कल दाखल करायची तर कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र हवं. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने न्यायालयात हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही. कामगार कार्यालयात इतकं काटेकोर बघत नाहीत, पण प्रकरण पुढे न्यायालयात गेलं तर? क्लिप चार गटांत पाठवायची आणि फोन विकून टाकायचा, असं करू नका. आणि त्याच रात्री मुकादमाला साधा मेसेज टाका, की तुम्ही येऊ नको म्हणालात, मी कामाला तयार आहे.

आमच्या शेजारच्या पोराने नेमकं हेच केलं. ओव्हरटाइमचे पैसे मागितले म्हणून त्याला घरी बसवलं होतं. कामगार कार्यालयातल्या समेटाच्या बैठकीत ठेकेदार म्हणाला, तो स्वतःच गैरहजर राहिला. पोराने फोन टेबलावर ठेवून मुकादमाचं बोलणं ऐकवलं. गैरहजेरीचा विषय तिथेच संपला आणि बोलणं थकलेल्या पैशांवर आलं. पंधरा दिवसांनी तो निडीहून सकाळच्या गाडीत चढला, तेव्हा तो फोन त्याने घरी आईच्या ट्रंकेत ठेवला होता आणि खिशात दुसरा, जुना, बटणांचा फोन होता.