गोधडीसाठी शिलाई मशीन घेताना

आज खत-फवारणीचं काही सांगणार नाही. सुगी आटोपली, मालाचे पैसे हाती आले, की पुष्कळ घरांत शिलाई मशीन घ्यायची गोष्ट निघते. बचत गटाच्या भगिनी तर हमखास विचारतात, "साहेब, गोधडी शिवायला कोणतं मशीन घ्यावं?" हाताने शिवलेली एक गोधडी पुरी व्हायला कित्येक दुपारी जातात. तेव्हा मशीन घ्यावंसं वाटणं साहजिक आहे. पण गोधडीचं मशीन आणि ब्लाऊज-परकराचं मशीन एकच, असं धरून चालू नका.

माझ्या पाहण्यातल्या एका गटाने कर्ज काढून पांढरंशुभ्र, हलकं, झिगझॅग आणि नक्षीचे टाके घालणारं विजेचं मशीन आणलं. पातळ कापडावर टीप सुरेख येई. गोधडीच्या कोपऱ्यावर आलं की मशीन अडे, सुई मोडे. आज ते फडक्याखाली झाकून ठेवलेलं आहे आणि हप्ता मात्र दर महिन्याला जातो आहे. मशीनमध्ये खोट नव्हती. ज्या कामाला आणलं ते काम त्याचं नव्हतं, एवढंच.

आता गोधडीचं काम कसं असतं ते पाहू. चार-पाच थर जुन्या लुगड्यांचे, वर ठिगळं, आणि काठ दुमडला की तेच थर दुप्पट होतात. कोपऱ्यावर त्याहूनही जास्त. म्हणजे मशीनची खरी परीक्षा कोपऱ्यावर आहे. म्हणून दुकानात जाताना घरून आपल्या गोधडीचा वीतभर तुकडा शिवून न्या. थर पुरे घाला आणि एक कोपरा दुमडून न्या. दुकानदार पातळ चिंधीवर टीप मारून दाखवतो, त्यावर समाधान मानू नका. आपण बैल घेताना नुसते दात पाहून पैसे देत नाही, जुंपून चालवून बघतो. तसंच हे.

तो तुकडा मशीनखाली घातला की तीन गोष्टी पाहा.

पहिली, कापड दाबणारा पाय, म्हणजे कारागीर ज्याला प्रेशर फूट म्हणतात तो, किती वर उचलतो. घरगुती मशीनचा पाय साधारण ५-६ मिलिमीटर उचलतो. कारखान्यात वापरतात त्या मशीनचा पाय गुडघ्याने दांडी दाबून १३ मिलिमीटरपर्यंत वर जातो. तुकडा पायाखाली सरकवायलाच ओढाताण होत असेल, तर पुढचं बघायची गरज नाही.

दुसरी, खालचे दाते. दाते खालचा थर पुढे नेतात, वरचा थर मागे राहतो आणि गोधडीला चुण्या पडतात. पॉलिएस्टरच्या साड्या असल्या तर अधिकच. यावर 'वॉकिंग फूट' नावाचा जोड मिळतो. तो वरचा थरही खालच्याबरोबर ओढतो. आपल्या मशीनला तो बसतो का, हे घेतानाच विचारावं. तो नसला तरी थर आधी हाताने लांब कच्च्या टाक्यांनी पक्के टाचून घेतले, तर निम्मं काम साधतं.

तिसरी गोष्ट बहुतेक लोक पाहतच नाहीत, आणि माझ्या मते तीच मोठी. सुई आणि मशीनचा उभा खांब यांच्यामध्ये मोकळी जागा किती? घरगुती मशीनला ती सहा-साडेसहा इंच असते, कारखान्याच्या मशीनला दहा इंचांच्या वर. पाच फूट रुंद गोधडीची मधली टीप घालताना अडीच फूट गोधडी गुंडाळून त्या जागेत कोंबावी लागते. जाड गोधडी तिथे मावत नाही, मग बाई ओढते आणि टीप वाकडी जाते. हाताने शिवताना आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी कडेकडेने फेरे घेत आत येतात. मशीनवर ते जमणार नाही, कारण प्रत्येक कोपऱ्याला सगळी गोधडी त्या बोळातून फिरवावी लागेल. मशीनवर सरळ उभ्या टिपा घ्याव्यात. सुरुवात मधून करावी आणि एकेका बाजूने कडेकडे जावं. चुणी पडलीच तर ती बाहेर सरकते, मध्ये अडकत नाही.

मग घ्यायचं कोणतं? घरच्यापुरत्या, वर्षाकाठी पाच-सहा गोधड्या आणि बाकी कपडे, असं काम असेल तर साधं काळं, बिडाचं, सरळ टिपेचं पायमशीन घ्या. दिसायला जुनाट, पण अंगाने भक्कम असतं. वीज गेली तरी चालतं. जाड जागी पाय हळू मारून, चाक हाताने फिरवून एकेक टाका घेता येतो. सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळतात, दुरुस्त करणारा माणूसही मिळतो. गोधडी मात्र बेताच्या जाडीची ठेवावी.

गट विकण्यासाठी शिवणार असेल, रोजचं काम असेल, तर शिंपी वापरतात ते मोठं टेलर मशीन किंवा कारखान्याचं सरळ टिपेचं मशीन पाहा. कारखान्याच्या मशीनला सर्व्हो मोटर घ्या; जुन्या क्लच मोटरपेक्षा तिला वीज कमी लागते, आवाज कमी होतो आणि वेग कमी ठेवता येतो. नव्या हाताला वेग कमीच हवा. पण हे मशीन विजेवरच चालणार आणि टेबलासह जागा अडवणार. तुमच्या गावठाणात वीज दिवसातून किती तास टिकते, ते तुम्हालाच ठाऊक.

नक्षीचे टाके, दिवे, बटणं यांसाठी गोधडीवालीने जास्त पैसे मोजू नयेत. गोधडीला सरळ टीपच लागते.

जुनं मशीन स्वस्तात मिळत असेल तर जरूर पाहा. बिडाची जुनी मशीनं चांगली टिकतात. चाक हाताने फिरवून बघा, कुठे अडतं का. सुईचा दांडा बोटांनी हलवा. डुगडुगत असेल तर सोडून द्या. सुईखालच्या पत्र्याचं भोक खरवडलेलं असेल तर दोरा तुटत राहील. तो पत्रा मात्र बदलता येतो.

भाव विचारताना नुसत्या मशीनचा की स्टँड, टेबल, मोटर धरून, हे स्पष्ट विचारा. पुष्कळदा सांगितलेला भाव नुसत्या वरच्या मशीनचा असतो. पावती आणि हमीचा कागद घ्या. आणि कारभाऱ्यांनो, एक विनंती: जी शिवणार आहे तिला दुकानात बरोबर न्या. तिलाच बसवून तुकडा शिवू द्या.

कर्ज काढण्याआधी ग्रामपंचायतीत आणि उमेदच्या कार्यकर्तीकडे चौकशी करा. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ धंद्यांत शिंपीकाम आहे. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने कर्ज अशी तरतूद आहे. लाभ कुटुंबात एकालाच मिळतो. आपलं काम त्यात बसतं का आणि नोंदणी चालू आहे का, हे आधी विचारून घ्यावं.

मशीन घरी आल्यावर गोधडीला १६ किंवा १८ नंबरची सुई लावा, पातळ लुगड्यांना १४ चालते. सुई घेताना जुनी बरोबर न्या. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने सपाट असतो, कारखान्याच्या मशीनच्या सुईचा गोल; एकीची दुसरीला बसत नाही. टाका जरा लांब, तीन-चार मिलिमीटरचा ठेवा. आठ-दहा तास शिवून झाले की सुई बदला. बोथट सुईनेच टाके सुटतात आणि आपण मशीनला नावं ठेवतो. जुन्या सुती कापडाची कसर फार पडते, ती दात्यांखाली आणि बॉबिनच्या घरात साचते. प्रत्येक गोधडीनंतर पत्रा काढून ब्रशने झाडा आणि शिलाई मशीनचंच तेल द्या, खोबरेल नको; ते थंडीत गोठतं आणि मशीन जड जातं.